वीतभर अंतरावरून

माझ्या वडिलांना गॅरेजात सगळे 'आरसा' म्हणतात, कारण त्यांनी रंगवलेल्या गाडीत स्वतःचे दात मोजता येतात. पूर्वी मला या नावाचा अभिमान होता, आता ऐकलं की डोकं फिरतं. ज्या रंगानं हे नाव दिलं त्यानंच त्यांचा दम खाल्ला, आणि आमचे महाशय अजून त्या रंगाचेच गोडवे गातात.

रंग लवकर कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर घालतात. रंगकामाच्या बंद खोलीत, बूथमध्ये, गनमधून उडाला की त्याचं बारीक धुकं होतं आणि श्वासाबरोबर आत जातं. त्यापासून वाचायला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. मालकानं आणून दिले कापडी. बाबांनी तेही हनुवटीवर ठेवले, कारण मास्क लावला की म्हणे कडेची चमक नीट दिसत नाही.

दमा निघाला तेव्हा डॉक्टरबाईंनी दोन पंप दिले, एक निळा, एक तपकिरी. वर्ष उलटलं तरी फरक काही पडेना. मग एकदा मी बाबांना पंप घेताना नीट पाहिलं. तोंडाचा आ वासून ते पंप वीतभर लांब धरायचे आणि मनगट फिरवत डावीकडून उजवीकडे फवारायचे. निम्मं औषध मिशीला.

"बाबा, हे काय चाललंय?"

"जवळून मारलं की ओघळ येतात. एकसारखा कोट बसायचा तर अंतर लागतं."

"घसा आहे तो, बॉनेट नाही."

"तू मला फवारा मारायला शिकवू नकोस."

कहर म्हणजे गॅरेजातल्या दुसऱ्या रंगाऱ्यालाही दमा होता, आणि त्याला पंप घ्यायला यांनीच शिकवलं होतं. तपकिरी पंप तर कपाटात धूळ खात पडलेला. "निळा लगेच मोकळं करतो. हा नुसत्या थापा मारतो," असं बाबांचं मत.

मी त्यांना दंडाला धरून पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी समजावलं, "श्वासनळीभोवती स्नायूंचे वेढे असतात. निळा पंप त्यांना सैल व्हायला सांगतो. पण आत सूज असली की तिथून सारखे निरोप सुटतात, आवळा, अजून आवळा. ते ऐकून स्नायू जाड होतात आणि निळ्या पंपाला जुमानेनासे होतात. तपकिरी पंपातलं स्टेरॉइड ते निरोपच थोपवतं. त्याला वेळ लागतो, एवढंच."

"म्हणजे गंज न घासताच तुम्ही वर रंग मारताय," मी म्हणाले. असं करणाऱ्याला बाबा गॅरेजातून हाकलून देतात. त्या दिवसापासून दोन्ही पंप ओठात धरून, मुकाट घेऊ लागले. माझा जीव भांड्यात पडला.

कामावर मात्र जात राहिले. आईनं विनवलं, मी भांडले, त्यांचं उत्तर ठरलेलं, "माझ्या हातासारखा हात आहे का कुणाचा? मालक काय करेल बिचारा?" बिचारा मालक!

मग मोठा झटका आला. ओठ काळेनिळे पडले, इस्पितळात नळ्या लावाव्या लागल्या. या वेळी डॉक्टरबाई स्पष्टच बोलल्या. "औषध बरोबर घेताय. पण रोज नवं धुकं आत जातंय, रोज नवी सूज. अशानं त्या स्नायूंच्या पेशी स्टेरॉइडलाही दाद देईनाशा होतात. बूथ सोडा. पुढच्या झटक्याला माझ्या हातात काही नसेल."

बाबांनी मान डोलावली. घरी स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक वाढली, अंगात बळ आलं. आणि बळ आलं म्हणून हा माणूस उठून गपचूप कामावर गेला.

कळलं तशी मी गॅरेजात पोचले आणि आधी गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. बूथमधून बाबा गन घेऊन बाहेर आले. मालक धावला. "ताई, एवढी एकच गाडी. गिऱ्हाईक आरशाशिवाय कुणाला हात लावू देत नाही हो."

"माणूस मरेल त्यात," मी म्हणाले.

चारचौघांत अपमान झाला म्हणून बाबा माझ्यावर भडकले. "तुला... कुणी सांगितलं... इथं..." पुढचा शब्द येईना. एरवी एका दमात माझे वाभाडे काढणारा माणूस गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. खांदे वरखाली होत होते, आवाज नव्हता. मी पंप त्यांच्या ओठात धरला. हवा आत गेली, थोडी.

मालकानं घड्याळात पाहिलं. बाबांच्या हातातली गन काढून घेतली आणि दुसऱ्या रंगाऱ्याला म्हणाला, "चल, तू संपव."

त्यानं हातातला पंप खिशात टाकला आणि गन घेतली. आम्ही फाटकाशी पोचायच्या आत कॉम्प्रेसर सुरू झाला. बाबांनी वळून पाहिलं. बूथचं दार उघडंच होतं. तो कोट मारत होता, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"जमतंय की... त्याला," ते म्हणाले.