भुंग्या नैरोबीला निघाला

मरोळात शेवंतीचं घर कुणालाही विचारा, दाखवतील. दारात लाकडी खोका आणि खोक्यात कुत्रं दिसलं की समजायचं, आलं. बाई मूळची मालवणकडची. हाडापेरानं दणकट, आवाज असा की रस्त्यापलीकडची कोंबडी पळावी. मुंबईत केस पिकायला लागले तरी तिनं मालवणी सोडली नाही. समोर साहेब असो की मडमीण, बोलायचं ते आपल्याच बोलीत. ज्याला कळायचं त्याला कळतंच.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर सांताक्रूझच्या विमानतळावरून माणसांबरोबर कुत्रीही विमानानं जायला लागली, आणि शेवंतीचा धंदा उभा राहिला. नवरा काशीराम सुतार. तो खोके करायचा. कुत्रं उभं राहील, गरकन फिरेल एवढे, वाऱ्याला भोकं, तळाला भुसा. शेवंती कुत्र्याला त्यात राहायला शिकवायची. दार सताड उघडं ठेवून खाणं आतच घालायची.

"खोको म्हणजे तुरुंग नाय, माजघर आसा," असं ती कुत्र्यालाही सांगायची नि मालकालाही. थोड्याच दिवसांत कुत्रं आपणहून आत जाऊन घोरायला लागे. तिच्या हातचं कुत्रं विमानतळावर कधी केकाटलं नव्हतं.

अंधेरीच्या शुभाताईंचा भुंग्या असाच तयार झाला. ताईंचा नवरा नैरोबीत नोकरीला, म्हणून त्या बिऱ्हाड मोडून निघाल्या होत्या. सासू जयंतीकाकू पुण्याला लेकीकडे जाणार, तिथं कुत्रं चालत नव्हतं. भुंग्याला विमानात घेतलं नाही तर रस्त्यावरच. पिसाळण्यावरची लस टोचून झाली, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हातात आला. उरला एकच नियम. निघायच्या दिवशी कुत्र्याचं पोट रिकामं पाहिजे, पाणी तेवढं चालेल. भरल्या पोटी हवेत ओकलं तर बंद खोक्यात गुदमरायचं.

त्या सकाळी शेवंतीनं भुंग्याला निरोपाला ताईंच्या घरी आणला. ताईंशी दोन शब्द बोलून वळून बघते, तर भुंग्याच्या कपाळाला कुंकू आणि मिशांना दही.

"काकू, ह्या काय केलास?"

"अगं, माझ्या उंबऱ्यावरून कुणी उपाशीपोटी प्रवासाला गेलंय का आजवर? वाडगाभर दहीभात तर दिला."

"वाडगोभर!"

शुभाताईंनी वाडगा उचलून पाहिला, लख्ख चाटलेला. "वाट लागली! आता घेणार नाहीत गं ते."

"रडतास कित्याक? इमान संध्याकाळी आसा. तुमी खोको घेवन टॅक्सीन जावा. ह्येका मी चलवत थंय हाडतंय, पोट रिकामा करून."

उन्हं कलायला लागली तशी शेवंतीनं पदर खोचला आणि पट्टा धरून निघाली. पार्ल्याकडच्या शेतांच्या बांधांवरून भुंग्याला चालवला, पळवला, पुन्हा चालवला. भुंग्या प्रत्येक झाड हुंगायचा, तंगडी वर करायचा, पण मुख्य काम काही करेना.

"कर रे मेल्या! नैरोबीक जावन करतलंस?"

शेवटी विमानतळाचं कुंपण आलं, तिथं तो बसला. मनासारखा बसला. शेवंतीनं आभाळाकडे बघून हात जोडले.

माल घेणारा कारकून अनंत टेबलाशी होता. शुभाताई खोक्याला धरून उभ्या.

"शेवटचं खाणं कधी?" त्यानं विचारलं.

"सकाळी. दहीभात. वाडगोभर," शेवंती म्हणाली. ताईंनी डोळे मिटले.

"मग नाही चालणार, बाई."

"चलतला. खाल्ल्यान थंय, टाकल्यान हय. कुंपणाकडे येवा, दाखवतंय."

"नको, नको!" अनंतनं खुर्ची मागे सरकवली. मग उठून भुंग्याच्या पोटाखाली हात फिरवला. पोट पाठीला लागलं होतं. तरी तो शिक्का काही उचलेना.

शेवंतीनं नुसतं खोक्याचं दार उघडलं. भुंग्या आत गेला, एक गिरकी घेतली, भुशात पडला आणि घोरायला लागला.

"झोपला?"

"चलान चलान दमलो. आता नैरोबीपर्यंत उठूचो नाय."

अनंत हसला आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी पट्टा परत द्यायला शेवंती अंधेरीला गेली. पुण्याला निघायच्या तयारीतल्या काकू दारातच होत्या.

"गेला ना गं नीट?"

"गेलो. तुमचो दहीभात तेवढो सांताक्रूझाक ऱ्हवलो."