मिक्सिंगवाली महानंदाक्का

महानंदाक्का काम करताना फुटाणे खायची. भूक लागली म्हणून नव्हे, तो तिच्या कामाचाच भाग होता. पडद्यावर लग्नातला एखादा शॉट सुरू झाला की ती एक फुटाणा तोंडात टाकायची. तो चावून गिळून झाला आणि शॉट अजून चालूच असला, तर माउस दाबून तिथेच कापायची. "फुटाणा संपला की शॉट संपला," असं ती म्हणायची. "त्याच्याफुडं माणूस बघत न्हाई, नुसतं बसून ऱ्हातंय." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, दुसरा फुटाणा टाकला.

औरादच्या बसस्टँडसमोर चपलांच्या दुकानावर तिच्या मालकांचा फोटो स्टुडिओ होता. मालक म्हणजे तिचे यजमान. ते गावोगाव लग्नांचं शूटिंग करत फिरायचे आणि कॅमेऱ्यातली कार्डं आणून तिच्यापुढे टाकायचे. त्या ढिगातून आख्खं लग्न जोडून काढायचं काम अक्काचं. आमच्याकडे त्याला मिक्सिंग म्हणतात. लोकांना वाटायचं की ते मालकच करतात, आणि अक्कानेही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ती माहेरच्या कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षराशी ओळख नाही. कीबोर्डवरची बटणं तिला जागेवरून माहीत होती. सेव्ह करायचं म्हणजे 'डाव्या अंगाचं खालचं कोपऱ्यातलं, आन् मधल्या ओळीतलं दुसरं.' मला तिने तसंच शिकवलं, आणि खरं सांगते, आजही माझी बोटं तसंच मोजतात.

मी तिच्याकडे गेले ती गरजेपोटी. बीएचं शेवटचं वर्ष होतं. कलबुर्गीला कॉलेजांची लघुपटांची स्पर्धा होती, दहा मिनिटांची फिल्म हवी होती, आणि मी वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर केला. मला कॅमेरा धरता येत नव्हता, पण हात वर करायची मला लहानपणापासून खोड आहे. घरी माझ्या वडिलांना, अप्पांना, हे सांगितलं. भालकीचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा चांगला होता, लोकही चांगले होते. मला मात्र कलबुर्गीला जाऊन पत्रकारिता शिकायची होती. शेवटी अप्पांनी एकच वाक्य सांगितलं. "एक डाव करून बघ. काई निघालं तर फुडं शीक, न्हाई तर स्थळाला व्हय म्हण." माझे अप्पा शब्दाचे पक्के आहेत, दोन्ही बाजूंनी. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दहा मिनिटांना बांधलेलं होतं.

विषय माझ्या घरचाच होता. माझी सुभद्रामावशी औरादच्या आठवडी बाजारात लाल मिरची विकते. औराद कर्नाटकात, पण त्याच्या एका अंगाला महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला तेलंगण, त्यामुळे मावशीची गिऱ्हाइकं चार भाषांची. ती एका दमात चारी भाषांत भाव करते, आणि कुठल्याच भाषेत हरत नाही. कॉलेजचा कॅमेरा मी तिच्यासमोर तिकाटण्यावर बसवला. मावशीच्या पदराला बारीकसा माइक लावला आणि तो तिच्या कमरेच्या पिशवीतल्या माझ्या फोनला जोडला. फोन सकाळपासून दुपारपर्यंत तिचा आवाज टिपत राहणार होता. सगळं अगदी शहाण्यासारखं केलं होतं.

पण आमच्याकडे मोठा कॅमेरा माणसासमोर येतो तो लग्नात, आहेराच्या वेळी. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून आहेर धरायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं आणि शूटिंगवाला पुढे सरकेपर्यंत हलायचं नाही, हे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. मावशीने पहिल्या गिऱ्हाइकाला मिरची तोलून दिली, आणि त्या मामांनी टोपी सारखी केली, मावशीने पदर घेतला, दोघांनी मिळून मिरचीची पिशवी धरली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, मामा, हला की. मामांनी पापणी हलवली. त्यांच्या मागे एक बाई तयार होऊन उभी होती, तिच्या मागे आणखी दोघं. दुपारपर्यंत हेच चाललं. मिरचीचा आहेर, एकामागून एक. मी चिडले, ओरडले, हात जोडले, कुणी म्हणून ऐकलं नाही. उलट मावशीच म्हणाली, जरा नीट काढ, पोरी, माणसं खोळंबलीत.

कॉलेजात स्पर्धेचं काम बघणाऱ्या सरांनी ते सगळं पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तोंडावर दया दिसत होती आणि मला दया सोसत नाही. म्हणाले, यातून फिल्म होणार नाही, पाच दिवसांत दुसरं शूटिंगही होणार नाही, यंदा नाव मागे घे. मी नाव मागे घेतलं नाही. कार्ड मुठीत धरून अक्काचा लोखंडी जिना चढले आणि तिच्या दारात उभी राहून ढसाढसा रडले.

अक्काने आधी हात पुढे करून कार्ड घेतलं. "दोन जाग्यावर कॉपी होऊ दे," ती म्हणाली, "मग रड. रडून फाइल वापस येत न्हाई." कॉपी होईपर्यंत मी सगळी हकीकत सांगितली, स्थळासकट. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. मग तिने आवाज बंद केला आणि एकेक क्लिप बघायला घेतली. मिरचीचा आहेर बघून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हसता हसता ती थांबली. क्लिप मागे नेली, पुन्हा पाहिली. सरांनी आम्हाला शिकवलं होतं की शॉट संपल्यावर लगेच बटण दाबायचं नाही, मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे आणि मग कॅमेरा बंद करायचा. मी ते इमानेइतबारे केलं होतं, का करायचं ते न कळता. अक्काने मला जवळ ओढलं आणि तेवढेच शेवटचे पाच आकडे दाखवले. आहेर झाला असं वाटून मामांचे खांदे खाली आले होते, त्यांनी पिशवीत हात घालून एक मिरची मोडून हुंगली होती, नाक मुरडलं होतं, आणि मावशीने खसकन पिशवी परत ओढली होती.

"ईस वरसं मी हेच कापून फेकायलेय," अक्का म्हणाली. "नवरी आहेर घेती तवा बाहुली असती. आहेर झाला की पाय खाजवती, आईला हुडकती. माणूस तिथं असतंय. लोकांला ते नको असतंय, म्हणून मी फेकते. तुला तर तेच पायजे की."

पुढचे चार दिवस मी कॉलेज सोडून तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. प्रत्येक क्लिपच्या शेपटीतले पाच आकडे कापून आम्ही ओळीने लावले. मग कळलं की खरी अडचण पुढेच आहे. चित्र कॅमेऱ्यात, आवाज फोनमध्ये. बाजाराच्या गलक्यात कॅमेऱ्याला मावशीचा शब्द ऐकूच आला नव्हता. आणि अक्काने जन्मात कधी माणसाचा खरा आवाज ठेवला नव्हता. लग्नात तो पुसून टाकायचा आणि वर गाणं बसवायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने ते सरळ कबूल केलं. "हे मला येत न्हाई. तुझ्या फोनमधी कोन शिकवतंय का बघ." आम्ही दोघींनी हिंदीतले धडे लावले. कळलं नाही तिथे ती मला थांबवून पुन्हा लावायला सांगायची, अजिबात न लाजता. पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि तालुक्यातल्या मोठमोठ्या माणसांची लग्नं तिच्या हातून जोडून निघालेली.

भांडणंही झाली. एकदा मी जेवून येईपर्यंत तिने सवयीने मावशी आणि तेलंगणच्या गिऱ्हाइकाच्या मधोमध बदामाचं चित्र फिरवून ठेवलं, वरून गुलाबाच्या पाकळ्या. मी म्हटलं, अक्का, हे दोघं भांडतायत, यांचं लग्न नाही लागत. तिला राग आला. मी काम बघून शिकायला आले की शिकवायला, असं तिने मला विचारलं आणि अर्धा दिवस बोलली नाही. संध्याकाळी परत आले तर पाकळ्या गेल्या होत्या आणि माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता.

आवाज काही केल्या ओठांना बसेना. तिसऱ्या दिवशी मी हात टेकले होते, तेवढ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मावशी लोखंडी वजन पारड्यात टाकते, दाणकन. तो आवाज दोन्हीकडे होता, फोनमध्ये आणि कॅमेऱ्यातही. पडद्यावर आवाजाची जी रेघ दिसते तिच्यात तिथे उंच टोक निघत होतं. मी दोन टोकं एकाखाली एक आणली, आणि मावशीच्या ओठांतून मावशीच बोलायला लागली. मी स्टुलावरून उठले. अक्काने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "आता तू मिक्सिंगवाली झालीस बघ." माझ्या पदवीच्या कागदापेक्षा मला त्या धपाट्याचा अभिमान जास्त आहे.

फिल्म नऊ मिनिटांची झाली. अक्का कलबुर्गीला आली नाही, लग्नसराईची कामं तुंबली होती. माझ्याबरोबर अप्पा आले, धुवट धोतर नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. सभागृहात बहुतेक पोरं कन्नड बोलणारी. सुरुवातीला पडद्यावर तीन आहेर, चिडीचूप, पोरांना वाटलं फिल्म अडकली. मग मामांचे खांदे उतरले, वजन दाणकन पडलं आणि मावशी सुटली. एकाला 'तगोरी अण्णा, खार ऐत', म्हणजे घ्या अण्णा, तिखट आहे, लगेच दुसऱ्याला 'लेना है तो लेव, हात नक्को लगाव', आणि तिसरीला 'घे की बाई, बघायलीस काय'. सभागृह हसलं. हसत राहिलं. मी वाट बघत होते तिथे तिथे, बरोब्बर हसलं. शेवटी 'संकलन: महानंदाक्का, औराद' अशी पाटी मराठीत आणि कन्नडात आली, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. आनंद माझ्या छातीत मावत नव्हता.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. मी मागे वळून पाहिलं तर सगळे बसून टाळ्या वाजवत होते आणि एकटे अप्पा उभे होते. औरादला उतरल्यावर घराकडे न वळता ते अक्काचा जिना चढायला लागले. दारात त्यांनी चपला काढल्या. अक्का कुणाची तरी हळद जोडत होती.

"अक्का," अप्पा म्हणाले, "भालकीवाल्याला न्हाई म्हणून सांगतो. आता हिला कुठं घालायचं ते तुमी सांगा."

अक्काने शॉट अर्ध्यावर थांबवला आणि खुर्ची वळवली. "कलबुर्गीला घाला," ती म्हणाली. "मला जे येत न्हाई ते शिकून येऊ द्या. मग ती मला शिकवंल. लगीन काय, कवाबी लागंल, मीच मिक्सिंग करीन."

मला वाटलं, बाई कौतुकाने बोलली. कलबुर्गीला मला प्रवेश मिळाला. तिथे मोठाल्या यंत्रांपुढे बसताना मला ती रोज आठवायची. दिवाळीच्या सुट्टीत बसमधून उतरले ती पिशवीसकट जिना चढून वर गेले, म्हटलं गळ्यात पडावं, पेढे द्यावेत. अक्काने पेढे घेतले, स्टुलावरची कार्डं बाजूला केली आणि ड्रॉवरमधून एक शंभर पानी वही काढली. पहिली चार पानं कन्नडात लिहून भरलेली होती. मी गेल्यापासून जिथे जिथे अडलं, ते सगळं तिने नंबर घालून लिहून ठेवलं होतं. तिने चष्मा लावला, पेन्सिल हातात घेतली आणि माझ्यासमोर विद्यार्थिनीसारखी ताठ बसली.

"बस," ती म्हणाली. "पयल्यापासून सांग. घाई करू नको, मला लिहून घ्यायचंय."