बेदाण्याच्या शेडमधले बोंबील

जाळीला चिकटलेले बोंबील मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होतो आणि मंगलमावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. परवाच त्यांनी डहाणूकडच्या गावाहून बर्फात घालून दोन टोपल्या आणल्या होत्या. मी नमुन्याला उभारलेल्या शेडमध्ये त्या बोंबलांचं हे असं झालं. नाशिक रोडच्या माझ्या वर्कशॉपचा वास शेजारच्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचला होता.

मी शेड बांधतो, मुख्यतः बेदाण्याची. वर प्लॅस्टिकचा कागद, आत जाळीचे थर, बाजूंनी वारा. द्राक्षं सावलीत सुकतात, पाऊस आला तरी भिजत नाहीत. मावशी घोटीच्या बाजारात सुकी मासळी विकतात, तिथे त्यांना माझा पत्ता मिळाला. त्यांच्याकडे बोंबील किनाऱ्यावर उघड्यावरच सुकतात. पूर्वी दिवाळीनंतर आभाळ कोरडं असायचं. आता समुद्र तापतो, वादळं उठतात, ऐन थंडीत पाऊस पडतो. सलग दोन हंगाम माल कुजला होता.

"यंदा पण गेला तर आमच्या बायका हे काम सोडणार, कंपनीत जाणार," त्या म्हणाल्या होत्या. मी छाती फुगवून सांगितलं होतं, "द्राक्षाचं पाणी काढतो मी, बोंबलाचं काय घेऊन बसलात?"

आता तेच बोंबील वरून चामडं आणि खालून लगदा झाले होते.

"मावशी, जाळी मोठ्या भोकांची घेऊ का?"

"दादा, तू बोंबील कधी हातात धरलास?"

"ताटातलाच."

"दिसतंय."

बर्फात उरलेले दोन बोंबील त्यांनी काढले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि ती जोडी माझ्या लोखंडी पट्टीवर टांगली. पाणी टपटप माझ्या बुटांवर पडलं. बोंबलात पाणीच फार. आडवा ठेवला तर साचतं, टांगला तर निथळतं. गावात यासाठी बांबूच्या आडव्या काठ्या बांधतात, त्यांना वलांडी म्हणतात. जी गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, ती विचारायचं मला सुचलं नव्हतं. लाज वाटली आणि हसूही आलं.

जाळ्या काढल्या. दांड्या लावल्या, छप्पर उंच केलं, दमट हवा बाहेर जायला एक्झॉस्ट फॅन बसवला. डिसेंबरात शेड गावात उभं राहिलं. पंधरा दिवसांनी टीव्हीवर अवकाळी पावसाची बातमी लागली. मीच फोन लावला.

"मावशी, माल?"

"वाजतोय वाळून. बाहेर धो धो हाय, आम्ही सगळ्या आत चहा पितोय. पण दादा, शेड लहान पडतं. समोरच्या आळीच्या बायका पण आपला माल घेऊन आल्यात."

समुद्राचं तापणं माझ्या प्लॅस्टिकने थांबत नाही, एवढं मलाही कळतं. पण त्या हंगामात त्या वस्तीतली एकही बाई कंपनीत गेली नाही. आमच्या धंद्यात शिकायचं ते इतकंच: पहिलं ड्रॉइंग पेन्सिलनेच काढावं, आणि खोडरबर गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं.