माधव नावाचा कुत्रा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय, कोण जाणे.

पावसला आमचं घर आणि थोरल्या दिरांचं घर एकाच आवारात, मधे फक्त हापूसची कलमं. आमच्याकडे कुत्रा होता, माधव. कुत्र्याला असलं भारदस्त नाव? येणारेजाणारे हसायचे, आणि मग म्हणायचे, पण गोड आहे हो! होतंच गोड. माधव म्हणजे कृष्ण, माधव म्हणजे वसंत. 'माऽधव' म्हटलं की हाक बागेच्या टोकापर्यंत पोचायची. मी म्हणायची, सहज सुचलं.

सहज? नाही.

माझ्या जाऊबाईंना — वहिनी म्हणते मी त्यांना — मूल नाही. एकदा दिवस गेले होते, सातव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगा होता. इस्पितळात त्यांच्याजवळ मीच होते. भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "माधव ठेवणार होते गं. ह्यांनासुद्धा बोलले नव्हते." त्यांचा हात धरून मी रडले होते. ते रडणं खरं होतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी माझा मुलगा बारावीला नापास झाला. सगळे जेवायला बसलेले, आणि वहिनी म्हणाल्या, "मुलं होणं निराळं, ती वाढवणं निराळं." एवढंच. मी खाली मान घालून भात कालवत राहिले. त्याच आठवड्यात मुलाने रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणलं. नाव काय ठेवायचं? — मी म्हटलं, माधव.

आणि अंगणात जाऊन मोठ्याने हाक मारली. वहिनी कोकमं वाळत घालत होत्या. त्यांचा हात थांबला.

"काय नाव ठेवलंस?"

"माधव."

"बरं आहे," म्हणाल्या, आणि पुन्हा कोकमं पसरू लागल्या.

बाकी कुणाला काही कळलं नाही. कळणार होतं ते आम्हा दोघींनाच — आणि मला तेच तर हवं होतं, नाही का? त्या क्षणी मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं. नाव बदलता आलं असतं. पिल्लूच ते, नव्या नावाला सरावलं असतं. पण मी हाका मारत राहिले, वर्षानुवर्षं, त्यांच्या खिडकीसमोर.

वहिनी त्याला भाकरी घालायच्या. नाव मात्र कधी घेतलं नाही. "ये रे," एवढंच.

गेल्या मे महिन्यात कलमांखालच्या पाल्यात त्याला फुरसं चावलं. गुरांचे डॉक्टर रत्नागिरीहून यायचे होते. तोवर वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. "माधवा," त्या म्हणत होत्या, "माधवा, बाळा, येतायत हं डॉक्टर." तो त्यांच्या मांडीवरच गेला.

त्याला पुरून आल्यावर त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. माझ्याकडे न बघता विचारलं, "शुभा, नाव ठेवताना तुला आठवत होतं का गं?"

मी म्हटलं, "काय, वहिनी?"

"काही नाही," म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

मला आठवत होतं.