फुरसतीतला बागवाला

बदनापूर स्टेशनावर चहाला एक द्राक्षबागवाले काका नेहमी भेटत. रोग आधी पानाच्या पाठीवर दिसतो म्हणून कुठलंही पान ते उलटं करून बघत. नाशिककडच्या वाइनच्या बागा आरामात फिरायचा बेत ते कायम आखत. पण तिकडे घड लागत तेव्हा यांच्याही बागेत लागलेले असत. शेवटी ते श्रावणात निघाले.

“आत्ता तिथं नुसता पाला असेल,” मी म्हणालो.

“मंग काय झालं? द्राक्षं घरी बघतोच. बागवाला फुरसतीत काय करतो, ते बघायचंय.”

आठवड्यानं भेटल्यावर विचारलं, “काय करतात मग?”

टपरीशेजारच्या जास्वंदीचं पान उलटत ते म्हणाले, “कळलंच न्हाई. ज्याच्या बागेत गेलो, तो फिरायला गेल्ता.”