अब्बांना ऐकू येतं, असं मी म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अम्मीलाही नाही. सांगायचा तो एकच शब्द आहे खरं तर — पण त्या शब्दापाशी पोचायला मला वेळ लागतो.

माझे अब्बा सौदीत यान्बूला रिफायनरीत वेल्डर होते. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. प्लांटच्या आवाजात अब्बांचे कान हळूहळू गेले. घरात आम्हाला सवय झाली होती — समोर यायचं, ओठ दिसतील असं बोलायचं. बाहेर मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही. कसं येणार? शेजारी एक बंगाली, एक फिलिपिनो, वर इजिप्तचा मिसरी फोरमन. तिथे कुणालाच कुणाचं धड कळत नाही. सगळेच मान हलवून "यस, यस" म्हणतात. अब्बाही म्हणायचे.

मग नियम आला — इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, वेल्डर म्हणून राहायचं तर परीक्षा द्यायची. हाताचं काम, आणि हिंदीतून तोंडी प्रश्न. आमच्याकडे गाडी नव्हती, म्हणून माझ्या वर्गातल्या रिद्धीच्या पप्पांनी आम्हाला केंद्रावर नेलं. रिद्धीही आली. ही रिद्धी आमच्या स्कूलबसच्या बहिऱ्या क्लीनरची नक्कल करायची, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसायचे. अब्बांचं तिला माहीत नव्हतं.

खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "कोई डिसेबिलिटी? सुनने में, देखने में?" असेल तर तोंडी भाग माफ होता, प्रश्न लिहून मिळाले असते. अब्बांना हिंदी छान वाचता येते. किती सोपं होतं!

अब्बा माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय गो?"

रिद्धी मला खेटून उभी होती.

मी खिडकीत म्हणाले, "नहीं." आणि अब्बांना सांगितलं — काही नाही, नाव विचारतोय.

परीक्षकाने तोंडावर धुळीचा मास्क लावलेला होता. ओठ कुठून दिसणार? रिद्धीच्या पप्पांनी दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं; परतताना ते गाडीत हसत होते. "अहो चाचा, तो विचारतोय, गॅस गळत असताना वेल्डिंग कराल का? आणि तुम्ही म्हणता यस सर! अख्खा प्लांट उडवला असतात की!" रिद्धी खिदळली. सगळे हसतायत म्हणून अब्बाही हसले.

आणि मी? मीही हसले.

अब्बा नापास झाले, पण दुसरी संधी मिळाली होती. तेव्हा तरी बोलायचं ना! पण मग पहिल्यांदा का नाही बोललीस, हेही आलं असतं. त्याऐवजी मी काय केलं — त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. ओळीने. प्रश्न ओळीने आले नाहीत.

खलास. इकामा वाढला नाही. आम्ही गावी आलो.

आता मी पुण्यात कॉलेजला आहे, आमच्या घरातली पहिलीच. परवा वर्गात दुसऱ्या देशांतल्या नागरिकत्वाच्या परीक्षांचा विषय निघाला — अपंग असलेल्यांना तिथे सूट मिळू शकते. सरांनी विचारलं, सूट असूनही ती माणसापर्यंत का पोचत नाही? कुणी म्हणालं माहिती नसते, कुणी म्हणालं कागदपत्रं. खरं उत्तर मला माहीत होतं. स्वतःचाच इतका संताप आला की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

अब्बा गावी नाक्यावर ग्रिलं बनवून देतात. येईल त्याला सांगतात, "परीक्षेत माझंच डोकं चाललं नाही. बायनं, माझ्या लेकीनं, किती शिकवलं मला!" हे ते अभिमानाने सांगतात. मी तिथे असले तरी.

काल व्हिडिओ कॉलवर त्यांनी फोन अगदी डोळ्यांजवळ धरला होता, माझे ओठ दिसावेत म्हणून. म्हणाले, "अभ्यास कर गो. माझ्यासारखी अडाणी राहू नको. ऐकतेस ना?"

मी मान हलवली. हो, हो.