पांढरं पडलेलं प्रवाळ

सांगलीतल्या मत्स्यालयाच्या दुकानात मी शाळेच्या टाकीसाठी माशांचं खाद्य घ्यायला गेलो होतो. तिथं फौजी मिशांचे एक काका विकायला ठेवलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या प्रवाळासमोर वाकून उभे होते. त्यांचं नाव मी विचारलं नाही. त्याच्या टाकीच्या काचेवर टोपीची सावली धरून ते बराच वेळ थांबले, तेव्हा प्रवाळाचे बारीक तंतू हळूहळू बाहेर आले.

“जित्तं हाय,” ते मला म्हणाले.

“आवं काका, जगायचं न्हाई त्ये. रंगीत न्या की,” दुकानदार म्हणाला.

काकांनी घरी बायकोला फोन लावला. “मागलं मेलं तवा तू जेवली न्हाईस. ह्येबी लय आजारी हाय. आणू का?”

पलीकडचं ऐकून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

“पिशवीत बांधा. ती म्हणती, तितं त्याला कोण बघणार हाय?”